होडीतले पाणी

पावसाळा सरल्यावर एखाद्या सकाळी कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी, खाडीच्या काठाने हिंडावे. ओहोटीमुळे उघडा पडलेला चिखल उन्हात चकाकत असतो. तिवरांच्या मुळांशी बगळे ध्यान लावून उभे असतात आणि दोरीने बांधलेल्या लहान होड्या भरतीची वाट पाहत चिखलावर कलंडलेल्या असतात. हळूहळू पाणी चढू लागते. एकेक होडी सावरते, डुलू लागते. मग एखादा कोळी गुडघाभर पाण्यातून चालत येतो आणि आपल्या होडीत चढतो. आता तो वल्हे उचलणार, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु तो वल्ह्याला हात लावीत नाही. तो वाकतो, तळाशी पडलेला एक अर्धा कापलेला डबा उचलतो आणि होडीतले पाणी बाहेर फेकू लागतो. त्याची घाई नसते आणि आळसही नसतो. तळाच्या फळ्या दिसू लागल्या, म्हणजे मगच त्याचा हात वल्ह्याकडे वळतो.

पाहणाऱ्याच्या मनात येते, ही होडी फुटकी असावी. वास्तविक तसे नसते. लाकडाच्या होडीत पाणी यावयाचेच. लाकूड उन्हात आकसते आणि पाण्यात फुगते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून त्यावर राळ आणि तेल यांचा लेप कितीही काळजीने दिला, तरी वर्षभराच्या आकसण्याफुगण्याने कोठेतरी केसाएवढी फट पडतेच. शिवाय लाटेचे तुषार आत येतात, ओल्या जाळ्याचे पाणी निथळते, पावसाची सर येऊन जाते. थेंबाथेंबाने आलेले हे पाणी होडीच्या तळाशी मुकाट्याने जमत राहते.

या पाण्याचे भय दोन कारणांनी बाळगावे लागते. पहिले कारण त्याचे वजन. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वीस लिटर पाणी आत आले, की होडीत वीस किलोंचे एक नको असलेले ओझे येऊन बसते. होडी तेवढी खाली जाते आणि काठावरून पाणी येण्याची वाट अधिकच सोपी होते. दुसरे कारण याहून गंभीर आहे. धान्याचे पोते ठेवले तेथे राहते. पाणी राहत नाही. परातीत दोन तांबे पाणी घेऊन चालू लागावे, म्हणजे ही गोष्ट लगेच पटते. परात किंचित डावीकडे झुकली की सारे पाणी डावीकडे धावते आणि परातीला आणखी डावीकडे ओढते. होडीतही तेच घडते. लाटेने होडी जराशी कलली, की आतले पाणी त्याच बाजूस धावते आणि बाहेरच्या लाटेला साहाय्य करते. म्हणून जाणते दर्यावर्दी म्हणतात, बाहेरच्या पाण्यापेक्षा आतल्या पाण्याला जपावे.

ही चिंता केवळ लहान होड्यांची नव्हती. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही ठाणी घेतली. याच खाडीच्या काठी दुर्गाडी किल्ला उभा राहिला आणि मराठ्यांच्या आरमाराच्या बांधणीला या परिसरात आरंभ झाला. त्या काळच्या गलबतांना लोखंडी पत्रे नव्हते. ती सारी लाकडाची होती. अशा कोणत्याही गलबतावर शीड सांभाळणारे आणि सुकाणू धरणारे जितके आवश्यक, तितकेच तळाचे पाणी उपसणारेही आवश्यक असत. त्याहून कितीतरी आधी, सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, सिसिली बेटावरील सिराक्यूजच्या हायरो राजाने एक प्रचंड जहाज बांधविले होते. त्याच्या तळातील पाणी आर्किमिडीजच्या मळसूत्री यंत्राने एकटा माणूस उपसू शके, असे प्राचीन लेखकांनी लिहून ठेवले आहे. मनुष्याने जहाज बांधले, तेव्हापासूनच त्याने आतल्या पाण्याशी झगडा मांडला आहे.

मोठ्या जहाजावर या कामास माणसे मिळतात. कोळ्याच्या होडीतही बहुधा एक वल्हवतो आणि दुसरा उपसतो. परंतु होडीत एकच माणूस असेल, तर काय करावे? हा प्रश्न ज्या होडीत सर्वांत अधिक भेडसावतो, ती होडी म्हणजे कयाक.

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातली. तेथे झाडे उगवत नाहीत. म्हणून तेथील इन्युइट लोक समुद्रावर वाहत आलेल्या लाकडांचा आणि हाडांचा सांगाडा करीत आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत. ही होडी लांब, अरुंद आणि वरून झाकलेली असते. मधोमध एका माणसापुरते भोक असते. त्यात शिकारी पाय पसरून बसतो आणि दोन्ही टोकांस पाते असलेले एकच वल्हे डावी-उजवीकडे मारीत जातो. इन्युइट शिकारी आपल्या कातडी अंगरख्याची कड त्या भोकाच्या कडेला घट्ट बांधीत, म्हणजे लाट अंगावरून गेली तरी पाणी आत येत नसे.

आज जगभर हौशी माणसे पातळ प्लायवूडची कयाक आपल्या हातांनी बांधतात. फळ्यांच्या कडांना बारीक भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींस शिवतात आणि शिवणीवर काचेच्या कापडाची पट्टी ठेवून ती राळेने पक्की चिकटवितात. ऐकावयास हे नवे वाटते. पण फळ्या शिवून होडी करण्याची रीत आपल्या पश्चिम किनाऱ्याला परकी नाही. अरबी समुद्रावरून शतकानुशतके गेलेली कितीतरी गलबते काथ्याच्या दोरीने शिवलेली होती. २०२५ साली भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे जहाजही याच जुन्या पद्धतीने, काथ्याने फळ्या शिवून, गोव्यात बांधण्यात आले.

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. डोंबिवलीतल्या एका जुन्या चाळीच्या अंगणात एका हौशी गृहस्थाने अशी कयाक बांधली आहे. दिवसभर नोकरी करावी आणि संध्याकाळी रंधा, कानस, काचकागद घेऊन बसावे, असे त्याचे कित्येक महिने गेले. त्याची बारा वर्षांची भाची शेजारी बसून तारा कापून देई. होडी तयार झाली, तेव्हा तिचे वजन भरले वीस किलो. दोघांनी ती सहज उचलून खाडीवर नेली.

पहिल्या दिवशी सर्व काही ठीक चालले. दुसऱ्या खेपेस मात्र दुपार झाली. पाणी ओहोटीने समुद्राकडे ओढत होते आणि वारा समुद्राकडून येत होता. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले, की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तशा दोन-तीन लाटा होडीच्या बसण्याच्या जागेतून आत शिरल्या. गृहस्थाने वल्हे मांडीवर ठेवले, डबा घेतला आणि उपसावयास आरंभ केला. तेवढ्यात होडी आडवी झाली. वल्ह्याचा आधार सुटताच तिचे तोंड लाटेकडून वळले आणि पुढची लाट कुशीवर आदळून, जेवढे पाणी बाहेर गेले होते तेवढेच पुन्हा आत आले. डबा धरावा तर होडी आडवी होते. वल्हे धरावे तर पाणी तसेच राहते. काठ जवळ होता आणि अंगात तरंगते जाकीट होते, म्हणून तो चिखलापर्यंत कसाबसा पोहोचला. काठावर उभी असलेली भाची एक शब्दही बोलली नाही. घरी येताना मात्र तिने विचारले, “मामा, हात दोनच आहेत, पण तुमचे पाय तर होडीत रिकामेच होते ना?”

त्या प्रश्नातच उत्तर होते. हातांचे काम वाढले, म्हणजे पायांना बोलवावे, ही युक्ती माणसाने पूर्वीपासून योजिली आहे. कोकणातल्या वाडीत पायरहाट असे. शिंपी पायाने यंत्र चालवितो, म्हणून कापड सरकविण्यास त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. हातपेटी वाजविणाऱ्याचा एक हात भाता हलविण्यात गुंततो. परंतु आपल्या संगीत नाटकांच्या साथीला जी पायपेटी असे, तिच्यात वारा भरण्याचे काम पाय करीत आणि दहाही बोटे सुरांसाठी मोकळी राहत. मग पाणी उपसण्याचे काम पायांनी का करू नये?

पायाने चालणारा पंप म्हणजे लोहाराच्या भात्याचाच धाकटा भाऊ होय. एका लहान डबीवर जाड रबरी पडदा बसविलेला असतो. डबीला दोन तोंडे आणि प्रत्येक तोंडाला एक झडप. एक झडप केवळ आत उघडते, दुसरी केवळ बाहेर. पायाने पडदा दाबला की डबीतील जागा कमी होते आणि आतले पाणी बाहेरच्या झडपेतून निघून जाते. पाय उचलला की स्प्रिंग पडद्याला मागे ढकलते, डबीतील जागा वाढते आणि होडीच्या तळचे पाणी आतल्या झडपेतून वर येते. यात विजेची गरज नाही. खाऱ्या हवेत बिघडेल असा नाजूक भागही नाही.

पंप आणणे सोपे होते. तो बसविणे हे खरे काम. पाणी नेमके कोठे जमते, हे प्रथम ठरवावे लागले. रिकाम्या होडीचा खोलगट भाग निराळा आणि माणूस बसल्यावरचा निराळा. म्हणून होडी चाळीजवळच्या तळ्याच्या उथळ पाण्यात ठेवून गृहस्थ आत बसला आणि भाचीने दोन लिटर पाणी आत ओतले. पाणी धावत जाऊन बसण्याच्या जागेच्या मागे थांबले. तेथे खडूने खूण केली. नळीचे तोंड त्या खुणेवर यावयाचे होते. नळीच्या तोंडाला जाळी बांधली. कारण खाडीच्या पाण्यात रेती असते, तिवराची पाने असतात आणि एवढासा कचराही झडपेत अडकला तर झडप मिटत नाही.

नंतर पंपाची जागा. पाय सरळ पसरले असता पावले जेथे टेकतात, तेथेच पंप हवा. परंतु होडीचे प्लायवूड जेमतेम चार मिलिमीटर जाडीचे. पायाचा जोर त्यावर वारंवार पडला, तर ते तडकेल. म्हणून होडीच्या दोन्ही कुशींना पोहोचणारी एक जाड फळी आडवी चिकटविली आणि पंप त्या फळीवर बोल्टांनी आवळला. पायाचा जोर आता एका ठिकाणी न पडता दोन्ही कुशींत वाटला गेला.

शेवटी पाणी बाहेर जाण्याची वाट. त्यासाठी होडीच्या वरच्या झाकणाला भोक पाडणे भाग होते. गृहस्थाने गिरमिट उचलले, तेव्हा भाचीने त्याचा हात धरला.

“मामा, एक थेंब आत येऊ नये म्हणून तुम्ही इतके महिने खपलात आणि आता आपण होऊन भोक पाडता?”

“अगं, पाण्याला आत येण्याच्या वाटा पुष्कळ आहेत,” तो म्हणाला. “बाहेर जाण्याची वाट मात्र कोणीतरी मुद्दाम करून ठेवावी लागते. भोक पाण्याच्या पातळीच्या पुष्कळ वर असले आणि त्याची कड नीट बंद केली, म्हणजे भय नाही.”

भोकाची कापलेली कड उघडी ठेवली तर लाकूड पाणी पिते आणि आतून कुजते. म्हणून त्या कडेला तीन वेळा राळ पाजली, रबरी चकती बसविली आणि मग तोंड घट्ट केले. नळी आत सर्वांत उंच ठिकाणी वळवून मग बाहेर काढली, म्हणजे बाहेरचे पाणी उलट मार्गाने आत येण्यास वाव राहिला नाही.

होडी दोन बाकांवर ठेवून आत दहा लिटर पाणी ओतले. गृहस्थाने पाय दाबला. पंपाने नुसते सुस्कारे टाकले. पाणी आले नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. चाळीतली मुले हसू लागली. गृहस्थाला वाटले, पंप नादुरुस्त आहे. पंप उघडून पाहिला, तर पडदा अखंड होता आणि झडपाही ठीक होत्या.

दोष कोठे होता हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पंप पाणी वर ओढतो, असे बोलण्याची रीत आहे. पण खरोखर पाणी ओढले जात नाही. पंप डबीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचे वजन पाण्याला नळीतून वर ढकलते. सतराव्या शतकात इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. हवेचा हा जोर पाण्याला सुमारे १० मीटरांपर्यंतच चढवू शकतो, त्याहून वर नाही. होडीत तर अर्धा मीटरही चढ नव्हता. मग अडले कोठे? नळीच्या एखाद्या सांध्यात फट असेल, तर त्या फटीतून हवाच आत शिरते. पाण्यापेक्षा हवेला आत येणे सोपे. म्हणून पंप हवाच घेत राहतो.

भाचीने साबणाचा फेस केला आणि प्रत्येक सांध्याला लावला. गृहस्थ पाय उचलून पुन्हा दाबू लागला. तिसऱ्या सांध्यावरचा फेस एकदम आत ओढला गेला. तेथील पट्टी एका बाजूला तिरकी बसली होती. ती सरळ करून आवळली. पुढच्या चौथ्या दाबाला झाकणावरच्या तोंडातून पाण्याची धार उसळली आणि मघाशी हसणाऱ्या मुलांच्या अंगावर पडली. दहा लिटर पाणी पंचवीस दाबांत बाहेर गेले. भाचीने हिशेब केला : एका दाबाला चारशे मिलिलिटर, मिनिटाला चाळीस दाब दिले, तर सोळा लिटर.

हा आकडा कळला हे बरे झाले. कारण पंपाची शक्ती कळली, तशीच तिची मर्यादाही कळली. पाण्याच्या पातळीखाली दहा सेंटिमीटरांवर एक चौरस सेंटिमीटरचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे पाच लिटर पाणी आत येते. पंप त्याला सहज पुरून उरेल. परंतु मुठीएवढे भोक पडले, तर मिनिटाला दीडशे लिटरांहून अधिक पाणी येईल; तेथे पंपाचे काही चालणार नाही. त्यासाठी होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे हवेत, अंगात तरंगते जाकीट हवे, सोबतीला दुसरी होडी हवी आणि वारा-पाणी पाहून घरी राहण्याचे शहाणपणही हवे. पंप होडीला अभय देत नाही. तो काठ गाठण्यापुरता अवधी देतो.

नंतरच्या एका दुपारी होडी पुन्हा खाडीत उतरली. या वेळी एका ओळखीच्या कोळ्याची होडी सोबत होती. वाराही तसाच होता आणि लाटाही तशाच उभ्या. पाणी आत आले. गृहस्थाने वल्हे सोडले नाही. होडीचे तोंड त्याने लाटेकडेच धरून ठेवले आणि पाय एका लयीत दाबू लागला. काठावरून भाचीला दिसत होते ते एवढेच : वल्ह्याची पाती वर-खाली होत आहेत आणि होडीच्या झाकणावरून थोड्या-थोड्या वेळाने पाण्याची एक लहानशी धार उडते आहे. ती धार मोजता मोजता तिच्या मुठीतली बोटे सैल झाली.

काठाला लागल्यावर कोळ्याने वाकून तो पंप पाहिला, एकदा हाताने दाबला आणि हसला. “बरे आहे,” तो म्हणाला, “पण निघण्याआधी तळ पाहत जा.” आणि आपल्या होडीतला तो अर्धा कापलेला डबा उचलून, घरी जाण्यापूर्वी, तो स्वतःचे पाणी उपसू लागला.

कोळ्याचा तो डबा आणि भाचीने सुचविलेला तो पंप यांत तसा फरक नाही. पाणी येणार, हे दोघांनाही मान्य आहे. ते मान्य केल्यामुळेच कोळी वादळाची वाट न पाहता रोज सकाळी वाकतो आणि गृहस्थ काठावर असतानाच पाण्याला बाहेरची वाट करून ठेवतो. थेंब लहान असतो तोवर त्याचा कंटाळा न करणे, एवढेच त्या दोघांचे शहाणपण आहे. खाडीवर इतकी वर्षे ज्या होड्या तरंगत राहिल्या, त्या या एवढ्याशा शहाणपणावर.